खंड्याची पालखी

ऐतिहासिक वाडा पाहण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे: दिंडी दरवाजा, चौक, माडी, भिंतींवरची चित्रे आणि शेवटी नदीचा घाट. या क्रमात कुत्र्याला स्थान नसते. आम्ही दोघे सांगलीत मराठी शिकवतो. आमचा मोत्या आता बारा वर्षांचा आहे आणि दिवसभर एकटा राहत नाही. त्यामुळे मेणवलीला नाना फडणिसांचा वाडा पाहायला गेलो तेव्हा त्यालाही बरोबर नेले आणि वाडा पाळीपाळीने पाहिला. एकाने आत जायचे, दुसऱ्याने मोत्याला घेऊन घाटावर बसायचे.

वाईपासून तीनेक किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी हा सहा चौकांचा वाडा उभा आहे. फडणीस म्हणजे नोंदी राखणारा अधिकारी. साहजिकच या घराचे खरे वैभव कागदांत होते. ते कागद ‘मेणवली दप्तर’ म्हणून अभ्यासकांना परिचित आहेत, द. ब. पारसनिसांच्या संग्रहातून ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. आत नोंदींचे जग आठवत राहते. बाहेर, घाटावर, वसईच्या 1739 च्या विजयानंतर आलेली पोर्तुगीज घंटा आहे, नदी आहे आणि धुणे धुणाऱ्या बायका आहेत. त्यांतल्या एका आजींनी मोत्याकडे पाहून विचारले, “कुत्र्यालाबी दर्शनाला आणलंय व्हय?”

“घरी एकटा राहत नाही, आजी.”

“मग आणायचंच की,” असे म्हणून त्या पुन्हा धुण्याकडे वळल्या.

हीच कृष्णा पुढे साताऱ्याजवळ वेण्णेला मिळते. परतीच्या वाटेवर त्या संगम माहुलीला आम्ही मुद्दाम थांबलो. थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या श्वानाचे स्मारक येथे आहे. लोक त्याला खंड्याची समाधी म्हणतात. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचे प्राण वाचवले, ही कथा परिसरात सर्वांच्या तोंडी आहे.

या कथेला छापील आधारही आहे, आणि तोच आम्हांला अस्वस्थ करतो. ग्रँट डफ 1818 ते 1822 या काळात साताऱ्यात कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता. 1826 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात तो या श्वानाचा उल्लेख करतो. अखेरच्या काळात शाहूंचे चित्त ढळले. दोन सरदारांच्या भेटीच्या वेळी त्यांनी कुत्र्याला जरीची वस्त्रे आणि दागिने घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. त्याला जहागिरीची सनद आणि पालखीचा मान दिला. याच ओघात तो हेही सांगतो की, या कुत्र्याने एकदा वाघाच्या शिकारीत राजाचा जीव वाचवला होता.

वर्गात आम्ही वाक्यांच्या क्रमाबद्दल बोलतो, ते अशाच जागांसाठी. वेडाची हकीकत मुख्य झाली आणि उपकाराची हकीकत तिच्या पोटात गेली, की कृतज्ञता हेच वेडाचे लक्षण ठरते. वास्तविक सनदेची रीत पाहिली तर येथे विपरीत काही नाही. सेवा घडली, धन्याचा जीव वाचला, म्हणून इनाम आणि मान मिळाला. जीव वाचवणारा माणूस असता तर या नोंदीकडे कोणी वळूनही पाहिले नसते. शाहूंची बालपण-तारुण्याची 18 वर्षे, 1689 ते 1707, मोगलांच्या कैदेत गेली. पुढचे आयुष्य परस्परांवर डोळा ठेवणाऱ्या सरदारांना सांभाळण्यात. कशाचाही मोबदला न मागणाऱ्या एका प्राण्याची किंमत अशा माणसाला इतरांपेक्षा अधिक कळली असेल. त्यांचे चित्त अखेरीस ढळले नव्हते, असा आमचा दावा नाही. ऋणाची जाणीव मात्र त्या आजाराच्या खात्यावर मांडू नये.

रायगडावरील वाघ्याच्या पुतळ्यावरून 2012 आणि 2025 साली वाद झाले. त्याला समकालीन कागदाचा आधार नाही, हा त्यातला मुख्य आक्षेप. खंड्याची नोंद निदान जुन्या इतिहासग्रंथात आहे; पण ती राजाच्या लहरींच्या सदरात.

हे सारे आम्ही तटस्थपणे लिहीत नाही, हे सांगायला हवे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीत कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली. पाणी अंगणात शिरले त्या रात्री आम्हांला जागे केले ते मोत्याच्या भुंकण्याने. सकाळी बोट आली, तेव्हा आधी माणसे, कुत्र्याचे नंतर बघू, असे ठरत होते. त्याच्याशिवाय आम्ही बसणार नाही म्हटल्यावर बोटीतल्या काही जणांनी आम्हांला वेड्यात काढले. शेवटी एका तरुणाने पाय आखडून जागा केली.

माहुलीच्या त्या दगडी श्वानासमोर मोत्या थोडा वेळ बसला आणि मग पाण्याकडे गेला. त्याला त्यातले काय कळणार! आम्हांला मात्र तेथे उभे असताना ग्रँट डफपेक्षा मेणवलीच्या आजींचेच चार शब्द अधिक नेमके वाटले.