साहेबांच्या दाराशी

साहेबांना भेटायला गेलेल्या माणसाची गाठ आधी पडते ती पीएशी. अर्ज त्याच्याच हातात जातो, शिफारसपत्र तोच टाइप करतो, साहेब नसतील तेव्हा फोनही तोच उचलतो. सरकारी कागदावर त्याचं नाव ‘स्वीय सहायक’. त्याला कोण नेमतं आणि पगार कोण देतं, हे विचारायचा मतदाराला पुरेपूर हक्क आहे.

*

खासदाराला कार्यालयासाठी एप्रिल २०२३पासून महिना ७५,००० रुपये. पैकी ५०,००० सहायकाचे, बाकी कागद-टपालाचे. सहायकाचे पैसे सभागृहाचं सचिवालय थेट त्यालाच देतं. ही तरतूद फार मोलाची. पण २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात एका लोकसभा मतदारसंघात सरासरी २३ लाख माणसं. दिल्लीत एक आणि मतदारसंघात एक सहायक ठेवला, तर प्रत्येकी पंचवीस हजार. एवढ्यात कायद्याचा मसुदा वाचून त्यातलं दुखणं सांगणारा माणूस मिळेल? अमेरिकेत प्रतिनिधिगृहाच्या सदस्याला साडेसात लाखांच्या आसपास लोकांमागे १८ कायम कर्मचारी ठेवता येतात.

*

आता नातेवाइकांना नेमण्याचा प्रश्न. फ्रान्समध्ये जानेवारी २०१७मध्ये फ्रान्स्वा फियों यांचं प्रकरण बाहेर आलं. पत्नी संसदीय सहायक म्हणून पगार घेत होती, पण काम केल्याची खूण सापडेना. अध्यक्षपदासाठी आघाडीवर असलेले फियों पहिल्याच फेरीत बाद झाले, आणि सप्टेंबरात कायद्याने पती-पत्नी, आईवडील, मुलं यांना नेमायला बंदी आली. ब्रिटनमध्ये २०१७पासून नव्याने निवडून येणाऱ्या खासदारांना नात्यातल्या माणसाचा पगार सरकारी पैशातून देता येत नाही. आधीच नेमलेल्यांना मात्र राहू दिलं. बायको खरंच राबत असेल तर तिच्यावर अन्याय होतो, हे मान्य. तरीही बंदीच बरी.

*

केरळात मंत्र्यांच्या खासगी कर्मचाऱ्यांना दोन वर्षांहून थोडी जास्त नोकरी झाली की पेन्शन. २०२२मध्ये राज्यपालांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. अशा नेमणुकीतून पक्षाचं काम करणाऱ्याला जन्मभराचं पेन्शन जनतेने का द्यावं, याचं उत्तर मला सापडत नाही.

*

आपल्याकडे, महाराष्ट्रात, मंत्र्यांचे पीएस (खासगी सचिव) आणि ओएसडी (विशेष कार्य अधिकारी) मुख्यमंत्र्यांच्या मंजुरीनेच नेमले जातात. फेब्रुवारी २०२५मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितलं, १२५ नावं आली, १०९ मंजूर केली. उरलेल्यांवर आरोप होते, चौकशा होत्या. अशा लोकांसाठी ‘फिक्सर’ हा शब्द तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता. चाळण लावली हे चांगलंच झालं. पण ती एका माणसाच्या हातात आहे. तो बदलला की भोकं लहानमोठी होणार. निकष लेखी हवेत.

*

आमदार-खासदारांच्या कार्यालयांबाहेर नावाची पाटी असते. तिच्याखाली सहायकाचं नाव, पगार आणि साहेबांशी नातं असल्यास तेही लिहावं. पुढच्या वेळी अर्ज घेऊन जाल तेव्हा एवढं जरूर विचारा.