दाब, धर, सोड!

भिलाईत हुडकोच्या एका गल्लीत, पेरूच्या झाडाखाली एक पांढरी सुमो उभी असते. गाडी २००७ सालची. घरमालक पोलाद कारखान्याच्या देखभाल विभागातून निवृत्त झालेले. सारी गल्ली त्यांना काका म्हणते आणि त्यांच्या सौभाग्यवतींना काकू. दोघंही मूळचे विदर्भातले, त्यामुळे वर्षातून दोन-तीनदा नागपूरची फेरी ठरलेली. राजनांदगाव, बाघनदी, देवरी, साकोली, भंडारा... या सुमारे अडीचशे किलोमीटरच्या रस्त्यावर सुमोनं त्या घरची दोन लग्नं, एक बारसं आणि काकूंच्या आईचं शेवटचं दर्शन, एवढं सगळं वाहून नेलं.

‘सुमो’ हे नाव जपानी कुस्तीवरून आलं असा पुष्कळांचा समज असतो. १९९४ साली ही गाडी आली तेव्हा टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांच्या नावा-आडनावाची पहिली अक्षरं घेऊन ते ठेवलं गेलं. काका ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला अशी ऐकवतात, जणू बारशाला घुगऱ्या त्यांनीच वाटल्या होत्या!

२०२२ साली गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होणार होती. नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर तपासणीत गाडी पास व्हायला हवी. शिवाय त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून खासगी मोटारीची नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजार झाली होती. मुलाचा पुण्याहून फोन आला, “बाबा, आता विकून टाका ती. तुमच्यासाठी छोटी गाडी बघतो.” काका ‘हो हो’ म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी पॉवर हाऊसच्या बाजारातून मागच्या चाकांच्या ब्रेकचं रबर किट घेऊन आले.

मुलाला कळत नव्हतं असं नाही. पण निवृत्तीनंतर काकांच्या हाताला काम असं ती सुमोच देत होती. वर्तमानपत्र दहा वाजेपर्यंत संपतं. त्यानंतरचा दिवस कशानं भरायचा?

जूनच्या एका दुपारी काकू झोपल्या असताना काकांनी एकट्यानंच काम उरकलं. मागची चाकं काढली, ड्रम उतरवले, सिलिंडरची झिजलेली रबरं बदलली. सगळं पुन्हा बसवलं. राहिलं ते एकच. नळ्यांमध्ये शिरलेली हवा काढायची, तर पेडल दाबायला दुसरं माणूस लागतं. कुणाला उठवायचं, म्हणून त्यांनी स्वतःच दोन-चारदा पेडल मारून पाहिलं आणि ‘चालेल’ असं ठरवलं. चाळीस वर्षांच्या कारागिरालाही ‘चालेल’ हा शब्द असा गोत्यात आणतो.

संध्याकाळी त्यांनी गाडी सुरू करून पुढं घेतली. अंगणाला तुळशीकडे थोडा उतार आहे. ब्रेकवर पाय ठेवला, तो थेट तळाला गेला. समोर काकू तुळशीला पाणी घालत होत्या. काकांचा हात आपोआप हँडब्रेककडे गेला. हँडब्रेक तारेनं ओढला जातो, त्याचा ब्रेक ऑइलशी संबंध नसतो; म्हणून तो लागला. गाडी वृंदावनापासून वीतभर अंतरावर थांबली. काकूंच्या हातातला तांब्या मात्र खाली पडला होता.

त्या रात्री घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. काकूंनी ताट वाढलं आणि फक्त एवढंच विचारलं, “मला का नाही उठवलंत?” काकांजवळ उत्तर नव्हतं. खरं उत्तर त्यांना ठाऊक होतं, ते सांगवत नव्हतं. हल्ली त्यांची बोटं थरथरत. बारीक स्क्रू दोनदा तरी हातून पडे, आणि ते कुणी पाहू नये म्हणून ते दुपारची वेळ साधत.

सकाळी काकूंनी पदर खोचला. “गाडी ठेवायची तर ठेवा. पण यापुढं जे करायचं ते माझ्यादेखत. आणि आधी ब्रेक, मग बाकीचे लाड.”

काकू सुमोच्या सीटवर बसल्या, काका मागच्या डाव्या चाकाशी. ब्रेकच्या मुख्य सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी घ्यायचं, असा क्रम. मग मागचं उजवं, पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. हवा काढायच्या निपलवर पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. “दाब,” काका ओरडत. काकू तीन-चारदा पेडल दाबत. “आता धर!” त्या पाय तसाच रोवून ठेवत. काका निपल उघडत, बाटलीत बुडबुडे येत, निपल बंद होई. मगच, “सोड!” निपल बंद व्हायच्या आत पाय उचलला, तर हवा परत आत शिरते, दोन वेळा तसं झालं आणि दोन्ही वेळा चूक कुणाची यावर वाद झाला. बॉनेटखालच्या डबीत ऑइल कमी होऊ द्यायचं नाही, हे काकूंनीच ध्यानात ठेवलं. जुनं ऑइल चहासारखं काळपट निघालं. ते हवेतला ओलावा शोषून घेतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायला हवं. काकांनी ते पाच वर्षं बदललं नव्हतं. ते बाहेरच्या पत्र्यावर सांडलं तर रंग खातं, हेही कळलं, कारण सांडलं. चौथं चाक झालं तेव्हा पेडल वरच्या वरच घट्ट लागत होतं.

पुढं काकूंनी नियमच केला. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. जॅकनंतर लोखंडी घोडी लागलीच पाहिजे. विटा तर मुळीच नाहीत, त्या दाबानं अचानक फुटतात.

मग दिव्यांची पाळी. रात्री दिवे पिवळट, मंद दिसत. शेजाऱ्यांनी शंभर वॅटचे बल्ब सुचवले. काकांनी मान हलवली: तसे बल्ब नियमात बसत नाहीत, समोरच्याचे डोळे दिपवतात आणि जुन्या वायरी व होल्डर वितळवतात. बल्ब ६०/५५ वॅटचेच ठेवले. दोष वायरीत होता. सगळी वीज जुन्या स्विचमधून जाताना वाटेतच कमी होई. उपाय म्हणजे रिले. बॅटरीपासून फ्यूजमार्गे जाड वायर रिलेला, तिथून बल्बला. स्विचचं काम फक्त रिलेला इशारा देण्याचं. जवळच्या उजेडाला एक आणि लांबच्याला एक, असे दोन रिले लागले. टोकांना बारीक कनेक्टर बसवायचे होते. काकांच्या हातून ते घेत काकू म्हणाल्या, “द्या इकडं. सुईत दोरा ओवायचा असला की मलाच हाक मारता ना?” काकांनी मुकाट्यानं पक्कड त्यांच्या हाती दिली आणि कुठली वायर कुठं ते सांगत राहिले.

बाकीची कामं किरकोळ. दाराच्या खालच्या कडेची पाणी निचऱ्याची भोकं मातीनं बुजली होती, ती छत्रीच्या काडीनं मोकळी केली. मॅटखालचा गंज ब्रशनं खरवडून रेड ऑक्साइड आणि रंग लावला. टायरवरचे चार आकडे पाहिले, तर स्टेपनीवर ‘१२११’, म्हणजे २०११ सालच्या बाराव्या आठवड्यातली! नक्षी शाबूत होती, पण रबर तडकलेलं. स्टेपनी बदलली.

ऑगस्टमध्ये तपासणी झाली आणि गाडीला पाच वर्षांची मुदत मिळाली. मुलाला काकूंनीच फोन केला. तो काय म्हणाला ते काकांना कळलं नाही. काकू मात्र, “अरे, ब्रेक मी बघितलेत,” एवढं बोलताना ऐकू आल्या.

भाद्रपदात महालक्ष्म्यांसाठी दोघं नागपूरला निघाले. पावसानं उशीर झाला, राजनांदगावच्या पुढं अंधार पडला. पावसाळ्यात ओल्या रानातून उठून गुरं कोरड्या डांबरावर येऊन बसतात. वळण घेतलं आणि दिव्यांच्या पांढऱ्या उजेडात, बऱ्याच अंतरावर, एक गाय रस्त्याच्या मधोमध रवंथ करताना दिसली.

“दाबा!” काकू ओरडल्या. त्यांचा उजवा पाय आपल्या बाजूच्या मॅटवर घट्ट रुतला होता. सुमो सरळ रेषेत, गायीच्या बरीच अलीकडं थांबली. हॉर्न वाजवल्यावर गाय सावकाश उठली, दोघांकडं एकदा पाहून कडेला गेली.

“सोड आता,” काका म्हणाले.