वर निखारे, खाली निखारे

परदेशी येणाऱ्या पाहुण्याच्या बॅगेत काय असावं, हे विमान कंपनी, सीमाशुल्क खातं आणि आत्या असे तिघं मिळून ठरवतात. सुकं खोबरं विमानात चालत नाही; त्यातलं तेल पेट घेईल ही भीती. तूप युरोपीय संघाच्या दारात अडतं, कारण बाहेरचे दुधाचे पदार्थ प्रवाशाला आणता येत नाहीत. हळदीच्या हिरव्या पानाला २०१९च्या डिसेंबरपासून रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो, आणि दोन पानांसाठी तो काढणार कोण? या चाळणीतून शेवटी खाली पडते ती तांदळाची कणी. बरोबर गूळ, वेलदोडे आणि काजूगर.

एवढ्यावर आत्या बर्लिनला धोंडस, म्हणजे जून काकडीचा गोड पदार्थ, करायचं ठरवूनच आली होती. पावसाळ्यात कोकणात परसातल्या मांडवावर तवशी, म्हणजे मोठाल्या काकड्या, लोंबतात. जून, पिवळी झाली की घरात आढ्याला टांगून ठेवायची, महिनोन्महिने टिकतात. मग बिया काढून तवसं किसायचं, पण सुटलेलं पाणी टाकायचं नाही. त्याच पाण्यात गूळ विरघळवायचा, तुपावर भाजलेली कणी त्यात शिजवायची, ओलं खोबरं घालायचं आणि पातेलं निखाऱ्यावर ठेवून झाकणावरही निखारे पसरायचे. याला हवं तर केक म्हणा, पण ना अंडं, ना मैदा, ना सोडा.

कणी भाजायला तूप हवं, ते इथल्या लोण्याचं कढवलं. ८२ टक्के स्निग्धांश असतो त्यात. बेरीही छान पडते. अडलं ते तवशाशी. दुकानातली बारमाही, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली लांबडी काकडी आत्यानं उचलली आणि परत ठेवली. "पाणीच आहे गो नुसतं." शनिवारच्या बाजारात मात्र ब्रांडेनबुर्गच्या एका शेतकऱ्याकडे श्मोरगुर्के काकड्या दिसल्या. आखूड, जाडजूड, पिवळट सालीच्या, घट्ट गराच्या. बर्लिनकर त्या शेपू घालून मंद आचेवर शिजवतात. आत्यानं एकीच्या सालीला नख लावून पाहिलं, हातावर तोललं आणि न बोलता पिशवी पुढे केली. काकडी थोराड झाली म्हणून फेकायची नाही, ही अक्कल दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना आपापली सुचलेली.

माझी समजूत अशी की गावची चव हवी तर सगळं गावाहूनच यायला हवं. धोंडस ते मागतच नाही. हा पदार्थच मुळी जे हाताशी आहे, जून झालंय, संपवायला हवंय, त्याला गोड करून घेण्याचा.

ओव्हनवरची जर्मन अक्षरं आत्याला वाचता येत नव्हती. ती बटणाभोवतीची चित्रं निरखत राहिली. पंख्याचं चित्र तिनं आधी बाद केलं: वाऱ्यानं वरचा थर सुकतो. मग एका चौकटीवर बोट ठेवलं. आत एक रेघ वर, एक रेघ खाली.

"हेच. वर निखारे, खाली निखारे."

१८० अंशांवर तासाभरात कडा तांबूस झाल्या. गरम असताना कापू दिलं नाही. रात्रभर निवल्यावर सकाळी वड्या सुबक पडल्या.

जाताना ती पुढच्या वेळी जास्त कणी आणीन म्हणाली. मी म्हटलं, "आत्या, तांदूळ इथेही मिळतो. मिक्सरवर भरडता येईल."

तिनं क्षणभर विचार केला. "मग तूच भरड. मी लोणचं आणीन."