आड आणि पोहरा

कुंभकोणमला बदली झाली तेव्हाच तिरुविसनल्लूर पाहावयाचे, असे आम्ही ठरविले होते. व्यंकोजीराजांचे चिरंजीव शहाजीराजे यांनी १६९३ साली हे गाव चाळीसाहून अधिक पंडितांना इनाम दिले. त्याचे दुसरे नाव शहाजीराजपुरम्. परमुलखात आपल्या माणसाच्या नावाचे गाव भेटले की बदलीचे दुःख निम्मे हलके होते, हे वाचकांस सांगावयास नको. पण गेल्या कार्तिगै अमावास्येस आम्ही तेथे गेलो, तेव्हा मन प्रसन्न नव्हते. चार दिवसांपूर्वी आमच्या नऊ वर्षांच्या चिरंजीवांनी शेजारच्या मुलाच्या कपाळावर स्टंप हाणला होता. चार टाके पडले. "संगत वाईट!" असे निदान आम्ही तत्काळ करून टाकले. त्या मुलाचे वडील आमच्याच कचेरीतले ज्येष्ठ सहकारी. ते शांतपणे म्हणाले, "सार, त्याची संगत म्हणजे आमचाच मुलगा."

तिरुविसनल्लूरला श्रीधर अय्यावाळ यांच्या घरच्या आडात या अमावास्येला गंगा प्रकटते, अशी श्रद्धा आहे. श्राद्धाचे अन्न त्यांनी एका भुकेल्या अंत्यजास दिले. गावाने प्रायश्चित्त म्हणून गंगास्नान सांगितले. तेव्हा गंगाच आडातून उसळली, अशी आख्यायिका. लोक भक्तीने ते पाणी अंगावर घेत होते. आमच्या डोक्यात मात्र एक म्हण घोळत होती : आडात नाही, ते पोहऱ्यात कोठून येणार?

कोवळ्या हातांनी हिंसा घडली की समाज हीच म्हण निरनिराळ्या रीतीने उच्चारतो. वाद एवढाच, की आड कोणता? आपल्या पूर्वजांनी तो पूर्वजन्मात पाहिला. इटलीच्या लोंब्रोझोने १८७६ मध्ये ग्रंथ लिहून तो कवटीत आणि जबड्यात दाखविला. जन्मजात गुन्हेगार मुद्रेवरून ओळखता येतो, असे त्याचे म्हणणे. इंग्रज सरकारने त्याच्याही आधी, १८७१ च्या कायद्याने, तो जातीत शोधला. १९११ मध्ये तो कायदा मद्रास इलाख्यालाही लागू झाला. इकडे कळ्ळर, आपल्याकडे पारधी. पाळण्यातले पोरही गुन्हेगार ठरले. तो कलंक कायद्याच्या पुस्तकातून पुसला गेला १९५२ मध्ये. लोकांच्या मनातून अद्याप नाही. पुढे लंडनच्या सिरिल बर्टने १९२५ मध्ये सांगितले, की कारण एक नसते, अनेक असतात. शिकागोच्या शॉ आणि मॅके यांनी १९४२ मध्ये दाखविले, की काही वस्त्यांत माणसे बदलली तरी मुलांचे गुन्हे टिकून राहतात. म्हणजे दोष रक्ताचा नव्हे, वस्तीचा. या विचाराने दयाही शिकविली. मद्रासचा १९२० चा आणि मुंबईचा १९२४ चा बालकांविषयीचा कायदा, मूल सुधारू शकते या विश्वासातूनच झाला.

तरीही या सर्व विहिरींत एक साम्य आहे. प्रत्येक विहीर सांगणाऱ्याच्या अंगणापासून दूर आहे.

याच गावच्या इनामदार पंडितांत रामभद्र दीक्षित हे वैयाकरण होते. भाष्यकार पतंजलीवर त्यांनी काव्य रचले. त्यांचे नाव ऐकताच आम्हांला पुणे आठवले. पतंजलीच्या महाभाष्याचे मराठी भाषांतर वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी केले आणि त्यांचे पुत्र काशीनाथशास्त्री यांनी ते संपादिले. त्याच वयोवृद्ध काशीनाथशास्त्र्यांचा, घरातील आणखी चौघांसह, १ डिसेंबर १९७६ रोजी भांडारकर रस्त्यावरील राहत्या घरी खून झाला. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा जीव गेले. आमची आजी सांगत असे, की त्या हिवाळ्यात दिवेलागणीलाच दारांना कड्या लागत.

पकडले गेले ते कोण? कलामहाविद्यालयाचे विद्यार्थी! लोंब्रोझोच्या ग्रंथाला बरोबर शंभर वर्षे झाली होती, पण कोणाच्या जबड्यावर काही लिहिलेले नव्हते. गुन्हेगार ठरविलेली जात नव्हती, बदनाम वस्ती नव्हती. मग दारू, सिनेमा, चैनीचा पैसा, संगत अशी कारणे घरोघर निघाली. आजी म्हणे, "अरे, तशी पोरे तर गल्लीगल्लीत होती!" २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्याला चौघांना फाशी झाली. त्यांपैकी मुनव्वर शहाने तुरुंगात आत्मकथन लिहिले. त्याचे नाव आहे, 'येस, आय ॲम गिल्टी'. होय, मी दोषी आहे. इतकी वर्षे इतक्या लोकांनी सांगितलेल्या कारणांत हे वाक्य कोठे बसवावे, हे आम्हांला अजून उमगलेले नाही. कारणे खोटी नसतात. पण कारण सांगून झाले, की आपले काम संपले असे आपण मानतो, तेथे काहीतरी चुकते.

संध्याकाळी आडाचे पाणी बाटलीत घेऊन आम्ही घरी परतलो. चिरंजीव कोपऱ्यात बसून गृहपाठ करीत होते. चार दिवसांत आम्ही त्याला कोणी शिकविले, कोठे पाहिलेस, असे अनेक प्रश्न विचारले होते. त्या संध्याकाळी प्रथमच विचारले, "तुला तेव्हा काय वाटले?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "राग आला होता. मारल्यावर बरे वाटले. मग रक्त दिसले."

यावर आमच्याजवळ निदान नव्हते. आम्ही त्याचा हात धरला आणि शेजारचे दार वाजविले. दार त्या मुलानेच उघडले. कपाळावर पट्टी होती. पुढचे बोलणे आमच्या मुलाला करावयाचे होते. आम्ही उंबऱ्याबाहेर उभे राहिलो.