पावसाळी वहाणा

माणसाची पारख त्याच्या जोड्यांवरून करावी म्हणतात. पण ती पावसाळ्यात करू नये! मृग बरसू लागला की भले भले गृहस्थ पायांत काय घालतील याचा नेम नसतो. कोणाचे गुडघ्यापर्यंतचे गमबूट, कोणाच्या न्हाणीघरातल्या सपाता, तर कोणी नवे कोरे बूट काखोटीला मारून अनवाणीच पाण्यात उतरलेला! बूट वाचवून पाय धोक्यात घालणाऱ्या या शूरांची मला धास्तीच वाटते. रस्त्यावरच्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते, आणि लेप्टोच्या जंतूला पायावरचा बारीकसा ओरखडाही वाट करून देतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरल्यावर लेप्टोची साथ आली, हे आम्ही मुंबईकर विसरलेलो नाही.

यंदा हा विषय थेट आमच्या उंबऱ्याशी आला. आईला पावसाळी वहाणा घ्यायच्या होत्या. आई ७८ वर्षांची, आणि मधुमेह तिच्यासोबत २० वर्षे नांदतो आहे. उन्हाळ्यात एकदा बाजारातून परतताना तिच्या एका पायातली चप्पल वाटेतच निसटली आणि घरी पोचेपर्यंत तिला त्याचा पत्ताच नाही! तिला स्वतःचेच हसू आले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. पायांची जाणीव मंदावली की चप्पल निसटल्याचे कळत नाही, तसेच खडा रुतल्याचे आणि फोड आल्याचेही कळत नाही, असे त्यांनी समजावले.

आम्ही मुद्दाम संध्याकाळी दुकानात गेलो. दिवसभरात पाय थोडे सुजतात. माप तेव्हाचेच खरे. आईचा जीव कोल्हापुरीत. पण ते कमावलेले कातडे पाण्यात फुगते आणि वाळले की लाकडासारखे कडक होते. गमबुटात वरून पाणी शिरले की आतच डबके साचते. कापडी बूट लवकर वाळत नाहीत. आणि रबरी सपात आईच्या पायातून निसटणारच!

"अरे, चावत नाही ना, मग घे की तीच!" आई म्हणाली.

"आई, चावली तरी तुला कळायचं नाही," मी म्हणालो. मग क्षणभर कोणीच बोलले नाही.

शेवटी टाचेमागे पट्टा, बोटांवर झाकण आणि तळाला खोल खाचा असलेले सँडल घेतले. आत आलेले पाणी बाजूंनी निघून जाईल असे. तेही दोन जोड: एक पायांत, एक वाळत. साचलेल्या पाण्यात पाऊल घालायचे नाही, अशी तिच्याशी बोलीही झाली.

पण वहाणेचे काम उंबऱ्यापर्यंतच. पुढचे काम माझ्याकडे आले. बोटांच्या बेचक्यांत ओल राहिली की चिखल्या होतात. म्हणून रोज रात्री आईचे पाय कोरडे करायचे आणि तळवे दिव्याखाली न्याहाळायचे. दर पाडव्याला ज्या पायांवर मी डोके टेकवत आलो, ते असे निरखून पाहायचा योग या पावसाळ्यात आला. एकही फोड उठला नाही. आता दिवाळीच्या साफसफाईत सँडल माळ्यावर गेले आहेत. रात्रीचे काम तेवढे चालू आहे.