जेथें पिकतें तेथें विकत नाहीं

'जेथें पिकतें तेथें विकत नाहीं' ही म्हण केवळ आपल्याच समाजास लागू पडते, असा आमचा पुष्कळ दिवस समज होता. डेन्मार्कच्या संगीतकारांचीं चरित्रें चाळतांना तो पार मावळला.

नील्स गाडे (१८१७–१८९०) यांचेंच पाहा. त्यांची पहिली सिंफनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीं रचिलेली कृति, कोपनहेगनमध्यें नाकारली गेली. त्यांनीं ती जर्मनींत मेंडेल्सझोन यांजकडे पाठविली. १८४३ सालीं लाइप्झिग येथें ती थाटानें वाजली व गाडे यांस तेथेंच मानाची जागा मिळाली. १८४८ सालीं प्रशिया व डेन्मार्क यांत युद्ध पेटल्यावर ते स्वदेशीं परतले. आणि पुढें सुमारें ४० वर्षें राजधानीच्या संगीताचीं सूत्रें त्यांच्याच हातीं राहिलीं!

रूड लांगगोर (१८९३–१९५२) यांचें दैव एवढें उदार नव्हतें. वयाच्या १९ व्या वर्षीं त्यांची पहिली सिंफनी बर्लिनच्या विख्यात वाद्यवृंदानें वाजविली. परंतु मायदेशीं कार्ल नील्सन यांचा प्रभाव वाढत होता. लांगगोर यांची भावविव्हल रचना तेथें जुनाट ठरली. चर्चमध्यें ऑर्गन वाजविण्याची कायमची जागा त्यांस मिळाली ती १९४० सालीं, दूरच्या रीबे गांवीं. १९४८ सालीं त्यांनीं 'कार्ल नील्सन, आमचे थोर संगीतकार' एवढ्याच शब्दांचें एक समूहगीत रचिलें. तें अनंतकाळ आळवीत राहावें, अशी सूचनाही दिली! वाचून आम्ही प्रथम हंसलों. मग मन खिन्न झालें.

त्यांचें 'ग्रहगोलांचें संगीत' १९२१ सालीं जर्मनींत वाजलें. डेन्मार्कांत त्यांच्या हयातींत कधींच नाहीं. १९६८ सालीं डॅनिश संगीतकार पेर नॉर्गोर यांनीं त्याचें स्वरलेखन हंगेरीच्या लिगेती यांच्यापुढें ठेविलें. जें आपण नव्यानें शोधिलें असें लिगेती मानीत होते, तें ५० वर्षांपूर्वींच लिहिलें गेलेलें पाहून ते थक्क झाले, आणि तसें त्यांनीं मोकळेपणीं कबूलही केलें.

आमचे धाकटे बंधु माडीवर पेटीवर नव्या चाली बसवितात, तेव्हां आम्हीं 'पुरे आतां' म्हणून कितीदां तरी दार लोटून घेतलें आहे. त्या चाली थोर आहेत कीं नाहींत, कोण जाणे! परंतु त्यांतली एकही आम्हीं शेवटपर्यंत ऐकिलेली नाहीं. परक्यानें येऊन सांगेपर्यंत कां थांबावें? आज सायंकाळीं आम्ही जिना चढणार आहोंत.