सगळ्यात थंड कोपरा

काँक्रीट वाळत नाही. हे वाक्य मी आजवर किमान वीस जणांना ऐकवलं असेल आणि दर वेळी समोरच्याने 'मग काय होतं?' असा चेहरा केलाय. सिमेंटची पाण्याशी रासायनिक क्रिया होते, त्यातून नवे पदार्थ तयार होतात, ते एकमेकांत आणि खडी-वाळूत गुंतत जातात आणि काँक्रीट घट्ट होतं. पाणी उडून जायला नकोच असतं, ते आत टिकायला हवं असतं. म्हणून तर आपल्याकडे स्लॅब टाकला की त्यावर आळी करून पाणी भरतात, कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळतात आणि घरमालक सकाळ-संध्याकाळ पाइप धरून उभा राहतो.

या क्रियेला पाण्याइतकीच ऊब लागते, हे मात्र आपल्या लक्षात येत नाही, कारण ऊब आपल्याला फुकट मिळते. आयएस ४५६ हे आपलं काँक्रीटचं मानक उघडून बघा (बघणार नाही, माहितीये, मीही परीक्षेपुरतंच उघडलं होतं). ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी काढा, त्याहून मोठ्याचे १४ दिवसांनी, असा तक्ता तिथे आहे. त्या तक्त्याच्या आधी एक छोटी अट आहे: हवेचं तापमान १५ अंशांखाली जात नसेल तर. कॉलेजात आम्ही तक्ता पाठ केला. अट कुणी पाठ केली नाही, कारण तिच्यावर प्रश्न येत नसे.

मी सिव्हिलचा. म्हणजे डिग्री सिव्हिलची. कॅम्पसला आलेल्या आयटी कंपनीने सगळ्या शाखांची पोरं एका रांगेत उभी करून घेतली, त्यात मी गेलो. चार वर्षं विम्याच्या पॉलिसींचं सॉफ्टवेअर लिहिलं. मग फिनलंडमधल्या एका क्लायंटचं काम आलं. काँक्रीटच्या आत सेन्सर ठेवायचे, तापमान मोजायचं आणि त्यावरून काँक्रीट किती मजबूत झालंय ते फोनवर दाखवायचं. मॅनेजरने विचारलं, 'टीममध्ये सिव्हिल केलेलं कुणी आहे का?' डिग्री मिळाल्यापासून हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. आईला तर गहिवरून आलं.

हिंजवडीत बसून मी पहिल्यांदा तो डॅशबोर्ड उघडला तेव्हा बाहेरचं तापमान उणे १७ आणि स्लॅबच्या आतलं अधिक ३१ होतं. मला वाटलं, कोडमध्ये चिन्हाची गडबड आहे. गडबड नव्हती, आत वीज चालू होती.

उणे तापमानात ताज्या काँक्रीटचं काय होतं? त्यातलं पाणी गोठतं, गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि नुकती कुठे गुंफण सुरू झालेली असते ती आतून फोडतं. नंतर बर्फ वितळला, क्रिया परत सुरू झाली, तरी तुटलेलं पूर्ववत होत नाही. म्हणून तिकडचा नियम आहे की, काँक्रीट निदान ५ मेगापास्कल इतकं मजबूत होईपर्यंत गोठता कामा नये. सिमेंटची क्रिया स्वतःही उष्णता सोडते. जाड पायाला ती बऱ्याचदा पुरते, पण पातळ स्लॅब ती हां हां म्हणता हवेत घालवतो. मग बाहेरून ऊब द्यावी लागते आणि तिचा एक सोपा मार्ग म्हणजे वीज.

सळया बांधून झाल्या की त्यांना नागमोडी वळणांनी तापणारी केबल बांधतात, वरून काँक्रीट ओततात, जाड आच्छादन घालतात आणि वीज सोडतात. ही केबल उघड्यावर चालू करायची नाही. काँक्रीट तिची उष्णता शोषून घेतं म्हणून ती टिकते. हवेत तीच केबल जळते. एकीवर एक चढली तरी तेच. रशियात याच कामासाठी प्लास्टिकच्या वेष्टनातली साधी पोलादी तार वापरतात, ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरवून. त्याहून धीट पद्धत म्हणजे काँक्रीटमध्ये इलेक्ट्रोड खुपसून खुद्द ओल्या काँक्रीटमधूनच वीज नेणं. तिथे वीज एसीच लागते, डीसी दिली तर पाण्याचं विघटन सुरू होईल. काम झालं की केबलची टोकं कापतात आणि बाकीची कायमची आत राहते. त्या घरांच्या छतांत अशा किती मेलेल्या वायरी असतील, हा विचार मला अधूनमधून येतो.

पण ऊब दिली की दिवस मोजण्याला अर्थ उरत नाही. 'सात दिवसांनी काढा' हा हिशेब हवेवर अवलंबून होता, आता हवा आपण बनवतोय. गंमत म्हणजे या प्रश्नाचं उत्तर काँक्रीट तापवणाऱ्यांच्याच गरजेतून आलं. १९४९मध्ये ब्रिटनमध्ये मॅकिंटॉश यांनी विजेने तापवलेल्या काँक्रीटवर लिहिलं, त्याच वर्षी नर्स यांनी वाफेने तापवलेल्यावर, आणि १९५१मध्ये सॉल यांनी त्या कल्पनेला 'मॅच्युरिटी' म्हटलं. म्हणजे काँक्रीटचं वय घड्याळाने मोजायचं नाही, तापमान आणि वेळ मिळून मोजायचं. फिनलंडमध्ये सॅडग्रोव्हचं सूत्र वापरतात: तापमानात १६ मिळवा, ३६ने भागा, वर्ग करा, तासांनी गुणा. २० अंशांना एक तास म्हणजे एकच तास. ० अंशांना तोच तास जेमतेम १२ मिनिटांचा. ४० अंशांना जवळपास अडीच तासांचा. कोडमध्ये ही एक ओळ आहे. (ऊब वाढवत नेली की झालं, असंही नाही. फार घाईने तापवलेलं काँक्रीट पहिल्या दिवसांत पुढे जातं आणि शेवटी मागे पडतं, आणि ७० अंशांवर गेलं तर पुढे काही वर्षांनी आतून तडकण्याचा धोका असतो.)

आमचं भांडण त्या एका ओळीवरून नव्हतं. तिच्यात कुठलं तापमान घालायचं, यावरून होतं.

क्लायंटच्या प्रॉडक्टवाल्यांना एका स्लॅबला एक आकडा आणि त्यापुढे हिरवी खूण हवी होती. आकडा कसा काढायचा? सगळ्या सेन्सरची सरासरी. ऐकायला रास्त वाटतं. मी दोन सेन्सर घेऊन हिशेब मांडला. एक केबलजवळ, ३८ अंश. दुसरा जुन्या थंडगार भिंतीला लागलेल्या कडेला, ६ अंश. एक दिवस गेला. पहिल्या जागी काँक्रीटचं वय ५४ तास, दुसऱ्या जागी ९. सरासरी तापमान २२, त्यावरून वय २७ तास. या २७ तासांचं काँक्रीट स्लॅबमध्ये त्या दोन्ही जागी नव्हतं. ते फक्त आमच्या डेटाबेसमध्ये होतं.

जानेवारीत मला दोन आठवडे तांपेरेला पाठवलं. तिथल्या साइटवरची इंजिनिअर माझ्याहून लहान असावी. तिने माझ्या फोनमध्ये डोकावून बघितलं आणि म्हणाली, "चौदा म्हणतंय तुमचं अ‍ॅप. पण कुठे?" मग मला स्लॅबच्या कडेला नेऊन आच्छादन उचललं आणि हात लावायला सांगितलं. हातमोजा काढून मी हात टेकवला. तिचा सेन्सर तिथेच होता, केबलपासून लांब, मुद्दाम सगळ्यात वाईट जागी.

त्या रात्री हॉटेलवर मी विलो आयलंडबद्दल पुन्हा वाचत बसलो. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियामध्ये वीजकेंद्राचा कूलिंग टॉवर बांधत होते. परांची खालून उभी नव्हती, टॉवरच्याच भिंतीला अडकवलेली होती. २७ एप्रिल १९७८ला सकाळी आदल्या दिवशी ओतलेलं काँक्रीट त्या भाराखाली सुटलं आणि परांचीसह ५१ माणसं खाली गेली. चौकशीत निघालं की काँक्रीट पुरेसं मजबूतच झालेलं नव्हतं. हवा थंड होती. घड्याळाप्रमाणे जवळपास एक दिवस झाला होता.

माझे मामा सेंट्रिंगची कामं घेतात, फलटणकडे. टेकू काढताना पहिल्यांदा खाली तेच जातात, गड्यांना नंतर बोलावतात. मधला टेकू आधी, मग कडेकडे सरकायचं. छज्जा असेल तर उलट, मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे. मी त्यांना फोनवर सगळा प्रकार सांगितला, विजेचा, सूत्राचा, सरासरीचा. विजेचं त्यांना फार कौतुक वाटलं नाही, बिल कोण भरतं एवढंच विचारलं. सरासरीवर मात्र म्हणाले, "आरं, स्लॅब काय सगळा एकदम येतो व्हय खाली? कोपऱ्यातनं जातो. माझं डोकं कुठल्या कोपऱ्याखाली हाय, त्ये तुझ्या मोबाइलला म्हाईत हाय का?"

हे वाक्य मी मीटिंगमध्ये जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. त्याने फार फरक पडला असं नाही. ५४ आणि ९च्या तक्त्याने पडला. तरी विक्रीवाल्यांचं म्हणणं होतं की सरासरी काढून टाकली तर साइटवाले काही तास जास्त थांबतील, आणि थांबायला लावणारं अ‍ॅप विकत कोण घेतं? त्यांचं चूक नव्हतं. बांधकामावर तासाला पैसे लागतात, आणि वीज तरी कशासाठी जाळतात? थांबायला लागू नये म्हणूनच ना.

शेवटी ठरलं ते असं: पडद्यावर मोठ्या अक्षरात सगळ्यात कमी आकडा, शेजारी तो नकाशावर कुठे आहे ते. हिरवी खूण नाही. सरासरी हवीच असेल तर दोन पानं आत गेल्यावर मिळते.

पहिल्या आठवड्यात दोन तक्रारी आल्या, दोन्हींत मजकूर तोच: अ‍ॅप आता उशिरा दाखवतं. तांपेरेहून तक्रार आली नाही. तिथे पुढच्या मजल्याला केबल बांधताना जुन्या भिंतीच्या कडेला एक जादा वेढा टाकला होता, आणि त्या कडेचा आलेख या वेळी बाकीच्यांच्या बराच जवळून वर जात होता.